गांधीलमाशी आणि पांढरा कळप

एका नदीच्या डोहाकाठी मेंढपाळांचं एक मोठं गाव होतं, आणि त्या गावावर रुसून डोंगरमाथ्यावर जाऊन बसलेली एक लहानशी वस्ती होती. गावाचं नाव डोहगाव, वस्तीचं माथेवाडी. दोन्हीकडचा देव एक, बोली एक, घोंगड्यांची वीणसुद्धा एक. तरी माथेवाडीत डोहगावचं नाव कुणी घेत नसे. अगदीच घ्यायची वेळ आली तर म्हातारे हनुवटीनं खाली खूण करत.

भांडण मेंढ्यावरून झालं होतं. डोहगावात दरवर्षी मेंढासोडणीचा सण होई. पाऊस सरला की प्रत्येक घर आपले तरणे मेंढे काटेरी कुंपणाच्या वाडग्यात कोंडायचं आणि दाराला दोर बांधायचं. दोर सुटला की जो मेंढा पहिला उंबरा ओलांडेल तो त्या घराचा मेंढा. त्या वर्षाची कोकरं त्याची. घरं पुष्कळ होती, म्हणून मेंढेही पुष्कळ निवडले जात. कुणाचा काळा, कुणाचा तांबडा, कुणाचा ठिपक्यांचा, कुणाचा पांढरा. एका सणाला कुणाचा दोर आधी सोडायचा यावरून भाऊबंदांत जुंपली. लाठ्या निघाल्या. ज्यांचं कुणी ऐकलं नाही ती मोजकी घरं आपली मोजकी मेंढरं हाकत डोंगर चढून गेली.

वर गेल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. देवळापुढे शपथ घेतली की खालचा मेंढा कधी वर चढू द्यायचा नाही. आणि पुन्हा मानापानाचं भांडण नको म्हणून सण बदलला. घराघराचा मेंढा बंद. सगळ्या वस्तीचं एकच वाडगं, एकच दोर, एकच उंबरा. जो पहिला बाहेर येईल तो देवानं निवडलेला मेंढा, सगळ्या कळपाचा बाप. बाकीचे बाजारात.

भांडण खरंच मिटलं. त्याची किंमत पुढे कळायची होती.

माथेवाडीच्या मायाक्काला ही सगळी हकिगत तोंडपाठ होती, कारण तिचा आजा वाघू हाच दोराचा मानकरी होता. दर सणाला दोर सोडण्याआधी तो उंबऱ्याशी उभा राहून सांगायचा. त्याच्या आज्याच्या काळात तांबडा मेंढा दारात ओल्या दगडावरून घसरला, तेव्हापासून तांबड्यांचा मान गेला. त्याच्या बापाच्या काळात ठिपक्यांचा मेंढा उंबऱ्यापाशी गवत चघळत थांबला, तेव्हापासून ठिपकेवाल्यांचा. मग त्याची स्वतःची गोष्ट यायची, आणि तेव्हा म्हाताऱ्याचा आवाज चढायचा.

"मी तेव्हा मिसरूड फुटलेला गडी. दोर माझ्या हातात. काळा मेंढा सगळ्यांच्या पुढं, एक पाय उंबऱ्यावर. तेवढ्यात देवानं त्याला अशी चापट मारली की नाक भोपळ्यासारखं सुजलं. काळा फिरला माघारी, आणि पांढरा आला बाहेर."

त्यानंतर काही वर्षं जुन्या मेंढ्यांना अधूनमधून एखादं काळं कोकरू होत असे. मग तेही थांबलं. आता माथेवाडीचा कळप डोंगरउतारावर पसरला की कुणीतरी दुधाचं मडकं लवंडल्यासारखं दिसायचं. म्हातारे म्हणायचे, आपण खऱ्याच्या बाजूला होतो म्हणून देवानं आपला कळप उजळ केला. खालच्यांचा अजून तसाच आहे, काळाबेरा. त्यांच्या मनासारखा.

मायाक्का हे ऐकत मोठी झाली आणि तिला त्याचा अभिमानही होता. सणाच्या दिवशी बायकांना वाडग्याच्या दाराशी यायची बंदी होती, तेव्हा ती दूर शेणकुटाच्या ढिगावर चढून टाळ्या वाजवायची. दोरापाशी बायका नकोत, आणि दारावरचं गवताचं छप्पर दरवर्षी शाकारायचं काम मात्र बायकांचंच, हे तिला तेव्हा खटकलं नव्हतं. खटकायला लागलं ते नंतर.

कातरणीआधी मेंढरं धुवायला वस्तीला डोहावर उतरावंच लागे. पलीकडच्या काठावर डोहगावची मेंढरं धुतली जात. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांकडे पाहायचं नाही असा रिवाज होता. पण पोरी पोरीच. डोहगावची तुळसा पाण्यात कमरेइतकी उभी राहून एक दिवस म्हणाली,

"का गं, ह्यातली तुझी कुठली आणि तुझ्या चुलत्याची कुठली, कसं ओळखतेस? का एकीला हाक मारली की सगळ्याच येतात?"

मायाक्का म्हणाली, "आमची देवानं धुतलेली आहेत. तुमची सगळी नदी आटली तरी उजळायची नाहीत."

"खरंय," तुळसा हसली. मग तिनं मायाक्काच्या पायाशी पडलेल्या कोकराकडे पाहिलं आणि हसणं थांबवून विचारलं, "पण देवानं धुतलेल्यांची कोकरं उभी का राहत नाहीत गं?"

मायाक्कानं कोकराकडे पाहिलं. त्या कोकराचे पाय काडीसारखे होते आणि तिनंच ते खांद्यावर टाकून खाली आणलं होतं, कारण त्याला चालता येत नव्हतं. असं कोकरू ते एकटंच नव्हतं. माथेवाडीत अलीकडे निम्म्या मेंढ्या गाभण राहत नसत. ज्या राहत, त्यांची कोकरं उशिरा उठत, लवकर दमत. सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणीही ते बोलत नव्हतं.

तिनं आज्याला विचारलं. आजा म्हणाला, चारा कमी पडतो. थोरला चुलता म्हंकाळ म्हणाला, नजर लागते. एक म्हातारा म्हणाला, पोरी फार प्रश्न विचारायला लागल्या की कळपाला लागतं. तिनं त्याला विचारलं की प्रश्न विचारायच्या आधीपासून कोकरं लंगडी होती, ती कुणामुळे. त्यावर तिच्या आईनं तिला कोपरानं ढोसलं.

मग तो वाईट पावसाळा आला. आभाळ उघडेचना. डोंगरावरची माती चिखल झाली, वाडग्यात घोट्याएवढं पाणी साचलं, आणि मेंढरांचे खूर सडायला लागले. आधी एक मेंढी लंगडली. मग तिच्या शेजारची. मग सगळा कळपच गुडघे टेकून चरायला लागला. गुडघे टेकलेलं मेंढरू फार दिवस चरत नाही. पुरुषांनी हळद लावली, राख लावली, धूर केला. मायाक्का आणि तिची आई चिखलात बसून एकेक खूर पुसत राहिल्या. पण एकीला जे झालं तेच दुसरीला झालं, तेच तिसरीला. होणारच. सगळ्या एकाच बापाच्या लेकी, आणि त्यांचा बाप आणि त्यांच्या आयाही एकाच मेंढ्याची लेकरं. एकीचा खूर मऊ म्हणजे सगळ्यांचा मऊ.

रोग डोहगावातही उतरला होता. मायाक्का मेलेल्या मेंढ्यांची कातडी धुवायला डोहावर गेली तेव्हा तिनं पलीकडे पाहिलं. तिथंही मेंढ्या मेल्या होत्या, खूप मेल्या होत्या. पण चिखलातून तुळसा येत होती आणि तिच्यामागे लंगडत, अडखळत, तरी चालत एक कळप येत होता. त्यात काळ्या होत्या, पांढऱ्याही होत्या. रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता. काहींचे खूर जात्याच टणक होते, बस. इतक्या मेंढरांत कुणाचे तरी तसे असणारच होते.

मायाक्का काठावर तशीच बसून राहिली. आपला काळा रंग गेला तो सगळ्यांना दिसला, तिच्या मनात आलं. रंग डोळ्यांना दिसतो. पण त्याच उंबऱ्यावर, तशाच एखाद्या घसरण्या-थांबण्यात, आणखी काय काय गेलं असेल? टणक खूर कधी गेला? कुणाला दिसला जाताना?

पाऊस थांबला तेव्हा माथेवाडीत मूठभर मेंढ्या आणि काही तरणे मेंढे उरले होते. देवळापुढे बैठक बसली. म्हंकाळ म्हणाला, कुणाकडून तरी विटाळ झाला आहे, आणि बोलताना त्यानं मायाक्काकडे पाहिलं. खालच्यांशी पाण्यात उभं राहून कोण बोलत होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ठरलं असं की सण नेहमीसारखा करायचा. उरलेल्या तरण्या मेंढ्यांतून देवच एक निवडेल, बाकीचे विकायचे, आणि आलेल्या पैशातून देवळाला नवा कळस चढवायचा. म्हणजे देवाचा राग जाईल.

मायाक्कानं मनातल्या मनात हिशेब केला. या घटकेला एकच मेंढा ठेवला तर पुढच्या पावसाळ्याला वस्तीत मेंढरूच उरणार नव्हतं. आणि मेंढरू नाही तर वस्ती नाही. माथ्यावर दगड आणि थोड्या पावट्यांशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं.

सणाआधी ती रिवाजाप्रमाणे दारावरचं छप्पर शाकारायला गेली. जुनं गवत उपसताना मनगटात जाळ घुसल्यासारखं झालं. गवतात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. दरवर्षी असे, बायका त्याला वळसा घालूनच काम करत. या खेपेला तिचं लक्ष नव्हतं. घरी येईपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. आई चुना शोधत होती आणि मायाक्का त्या हाताकडे बघत होती. भोपळ्यासारखा. हा शब्द तिनं लहानपणापासून दर सणाला ऐकला होता.

ती उठली. तशीच, सुजल्या हातानं, तिनं पावट्याची पाटी डोक्यावर घेतली, काही रिकामी गाडगी काखेत मारली आणि देवळाकडे चालायला लागली.

म्हातारे पारावर बसले होते. तिनं पाटी मधोमध ठेवली. पाटीत काळे, तांबडे आणि पांढरे पावटे कालवलेले होते. उन्हाळ्यात शेंगा सोलताना तिनं वस्तीतल्या पोरांना हा खेळ शिकवला होता, आणि त्या खेळात जे दिसलं ते घरात सांगितल्यावर आई म्हणाली होती की गप्प बस. आता ती गप्प बसणार नव्हती.

तिनं एकेका गाडग्यात मूठभर पावटे घातले, तिन्ही रंग सारखेच. खेळ असा होता. डोळे मिटून गाडग्यातले निम्मे पावटे काढायचे, राहिलेले टाकून द्यायचे. हाती आलेल्या प्रत्येकाला पोरांनी घरून आणलेल्या पावट्यांतून त्याच्याच रंगाचा एक जोडीदार द्यायचा. गाडगं पुन्हा भरलं. मग पुन्हा डोळे मिटायचे. जे हाती आले ती मेंढरं, जोडीदार ही त्यांची कोकरं, आणि प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष.

"पोरखेळ आहे," म्हंकाळ म्हणाला.

"मग खेळा की, काका. घाबरता कशाला?" मायाक्का म्हणाली. "देवाला पांढरा रंग आवडतो म्हणता ना? मग तुमच्या हातानं तो पांढराच ठेवेल."

आता खेळलं नाही तर देवावर विश्वास नाही असं झालं असतं. वाघूनं एक गाडगं पुढे ओढलं. म्हंकाळनं दुसरं घेतलं. राहिलेली इतर म्हाताऱ्यांनी घेतली. पाटी तिनं पोरांना दिली, मोठा कळप म्हणून. त्यांनीही डोळे मिटून ओंजळी-ओंजळीनं निम्मे पावटे उपसायचे, निम्मे टाकायचे, आणि घरून आणलेल्या पावट्यांनी जोडीदार भरायचे. पोरांची पलटणच लागली त्या कामाला.

सुरुवातीला हसणं-खिदळणं झालं. कुणी म्हणालं, म्हंकाळचा हात जडच आहे, दगड आला तरी सोडणार नाही. मग हळूहळू हसणं कमी झालं. म्हंकाळच्या गाडग्यातून काळे संपले. त्यानं पुढच्या खेपेला मुद्दाम चाचपून पाहिलं, पण रंग काही बोटांना लागत नाही. पांढरेही कमी होत होत गेले, आणि एका फेरीला त्यानं डोळे उघडले तर गाडगं सगळं तांबडं. एका म्हाताऱ्याचं गाडगं सगळं पांढरं झालं. त्याचा चेहरा उजळला, मग त्यानं बाकीच्या गाडग्यांकडे पाहिलं आणि तोच चेहरा उतरला. वाघूच्या गाडग्यात काळ्यांमध्ये पांढऱ्यांची एकच जोडी उरली होती. वाघूनं डोळे मिटले, ओठांनी देवाचं नाव घेतलं आणि हात घातला. उघडला तेव्हा तळहातावर सगळे काळे होते.

पाटीपाशी बसलेली मुलं अजून पावटे वेचत होती. पाटीत तिन्ही रंग होते. थोडे इकडे, थोडे तिकडे, पण तिन्ही. इतक्या फेऱ्या झाल्या तरी एकही संपला नव्हता.

 मग पारावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "म्हणजे देव कुणाच्या बाजूला आहे?"

"देवाला कशाला मधे घेता, बाबा?" मायाक्का म्हणाली. "मूठ लहान होती. लहान मुठीतून काहीतरी संपतंच. काय संपेल ते कुणी ठरवत नाही. आणि एकदा संपलं की जोडीदार कुठून आणणार?"

वाघू उठून उभा राहिला. 

"पावटे मेल्यासारखे पडून असतात," तो म्हणाला. "मेंढा आपल्या पायानं येतो. त्याला देव चालवतो. काळ्याला देवानं चापट मारली ती मी ह्या डोळ्यांनी बघितली."

मायाक्कानं पदराखालून हात काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"मलापण मारली, आजा," ती म्हणाली. "त्याच दारात. आज छप्पर शाकारताना."

म्हाताऱ्यानं तो हात आपल्या हातात घेतला. सूज दाबून पाहिली. मनगटावरचा लाल ठिपका पाहिला.  मग हात सोडला आणि घराकडे गेला. त्याच्यामागून इतर उठले. कुणीतरी जाता जाता गाडगं लाथाडलं. काळे पावटे उतारावरून घरंगळत गेले आणि मायाक्का ते वेचत बसली, कारण दुसऱ्या दिवशी घरात खायला तेच होते.

सकाळी सण होता. सगळी वस्ती वाडग्यापाशी जमली. मायाक्का या वेळी शेणकुटाच्या ढिगावर चढली नाही. ती दाराशी जाऊन उभी राहिली. म्हंकाळनं तिला हटकलं, पण ती हलली नाही. वाघूनं दोर हातात घेतला आणि नेहमीच्या जागी नेहमीसारखा उभा राहिला. घसरलेल्या तांबड्याचं सांगितलं. थांबलेल्या ठिपक्यांच्याचं सांगितलं. आवाज कालच्यासारखा नव्हता, पण सांगितलं.

"मी तेव्हा मिसरूड फुटलेला गडी," तो म्हणाला. "दोर माझ्या हातात. काळा मेंढा सगळ्यांच्या पुढं, एक पाय उंबऱ्यावर."

तो थांबला. दारावरच्या छपरातून एक गांधीलमाशी निघाली, दोरावर बसली आणि उडून गेली. वस्ती वाट पाहत होती. पुढचं वाक्य लहान पोरांनाही पाठ होतं.

"त्याला गांधीलमाशी चावली," वाघू म्हणाला. "म्हणून तो फिरला."

एवढंच. त्यानं दोर सोडला नाही. तो उंबऱ्यावर ठेवला, वाडग्याचं दार तसंच बंद राहू दिलं, आणि डोक्याचं मुंडासं सावरत डोंगर उतरायला लागला.

म्हंकाळ ओरडला की शपथ आहे. म्हातारा मागे न बघता म्हणाला, "शपथ मेंढ्याची आहे. मी मेंढा नाही." पण खाली जाऊन काय आणायचं आहे ते सगळ्यांना कळलं होतं. मायाक्का त्याच्यामागून निघाली. तिच्यामागून आणखी कुणीच निघालं नाही.

डोहगावच्या वेशीत तुळसाचा बाप निंगाप्पा घोंगडी झटकत होता. त्यानं वर पाहिलं आणि घोंगडी तशीच हातात धरून उभा राहिला.

"वाघूतात्या," तो म्हणाला. "बऱ्याच वर्षांनी वाट सापडली म्हणायची."

"वाट होतीच," वाघू म्हणाला. "पाय उचलत नव्हता."

त्यानं बसायच्या आधीच सांगितलं. माथ्यावर काही उरलेलं नाही. एकाच मेंढ्याच्या पोटची चार जनावरं आहेत, ती पुढचा पावसाळा काढणार नाहीत. मेंढे पाहिजेत. एक नको, बरेच पाहिजेत, वेगवेगळ्या घरांतले. हे सांगताना तो जमिनीकडे बघत होता. बघ्यांची गर्दी झाली. कुणीतरी मागून म्हणालं की डोंगरावरच्या देवाला आता काळं चालतं वाटतं. लोक हसले. निंगाप्पा हसला नाही. मायाक्काचा चेहरा तापला. पण तिला ठाऊक होतं की हा टोमणा वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या कमावलेला आहे.

तुळसानं एक मेंढा शिंगाला धरून पुढे आणला. कोळशासारखा काळा. तिनं मुद्दामच तो निवडला होता.

"हा देऊ का, आजा? पुसून बघा. हाताला नाही लागत."

वाघू वाकला, मोठ्या कष्टानं, आणि मेंढ्यापुढे जमिनीवर बसला.

"रंग नको दाखवू, पोरी," तो म्हणाला. "खूर दाखव."

तुळसाचं हसू गेलं. तिनं मेंढ्याचा पाय उचलून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला.

डोहगावनं मेंढे दिले. प्रत्येक घरानं नाही दिले, काहींनी दारं लावून घेतली. पण पुरेशा घरांनी दिले. बदल्यात निंगाप्पानं माथ्यावरच्या काही मेंढ्या मागून घेतल्या, कारण त्या कड्याकपारीला चढत आणि खालच्यांना ते जमत नसे. वाघूला हे ऐकून आश्चर्य वाटलं. आपल्याकडे कुणाला हवंसं असं काही उरलं असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सगळं काही भरून आलं नाही. मेंढे वर आले त्या दिवशी म्हंकाळ आणि आणखी दोन घरं बोचकी बांधून निघून गेली. ती कुठे गेली ते कधी कळलं नाही. म्हातारे सांगत की वस्तीच्या जुन्या कळपात कधीकाळी रेशमासारखी लोकर असलेल्या मेंढ्या होत्या. ती लोकर परत दिसली नाही. डोहगावातही ती कुणाकडे नव्हती. ती कोणत्या सणाला, कशानं, कुणाच्या डोळ्यांदेखत संपली, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कोकरं झाली तेव्हा वाघू वाडग्यात बसून होता. एक काळं कोकरू जन्मलं आणि ओलंच असताना उभं राहिलं. वस्तीतल्या लहान पोरांनी काळं कोकरू कधी पाहिलं नव्हतं. ती त्याला बोट लावून बघत होती. वाघूनं मायाक्काकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल की ती हसेल. ती हसली नाही. आज्याला एक गांधीलमाशी दिसायला अख्खा कळप द्यावा लागला, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. पण तिनं ते कोकरू उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

सण आला. आता वाडग्याला दोर नव्हता. ज्याचे खूर टणक, ज्याची छाती भरलेली, असे सगळ्या घरांचे मेंढे कळपात सोडले जात, आणि दर काही वर्षांनी डोहगावशी अदलाबदल होई. छप्पर शाकारायला बायकांबरोबर पुरुषही आले, कारण मायाक्कानं त्यांच्या हातात गवताच्या पेंढ्या दिल्या आणि काही विचारलं नाही. काम चालू असताना कुणाला तरी पोळं दिसलं. तो धूर करायला पेटती काडी घेऊन आला.

"राहू दे," मायाक्का म्हणाली.

"कुणाला तरी चावेल की."

"चावू दे. एखादा मेंढा फिरेल माघारी. बाकीचे आहेत."

त्यानं काडी विझवली. पोळं तसंच राहिलं. आता एका गांधीलमाशीच्या चावण्यानं माथेवाडीचं काही बिघडणार नव्हतं.

तात्पर्य: मूठ लहान असली की तिच्यात जे योगायोगानं उरतं त्याला माणसं देवाचा निवाडा म्हणतात, आणि जे योगायोगानं गेलं ते गरज पडेपर्यंत कुणाला आठवत नाही. म्हणून ज्याचं कुंपण लहान, त्यानं आपलं दार सगळ्यांत मोठं ठेवावं, आणि नशिबानं मिळालेल्या रंगाचा गर्व करू नये.